पुलावरची तीन माणसं

उत्तनला माझ्या एका मैत्रिणीचं घर होतं. जुनं, कौलारू, पुढे ओटा आणि ओट्यावर सुकत घातलेली जाळी. गेल्या वर्षी ते पाडून तिथे तीन मजली बांधायचं ठरलं. सामान हलवायला माणसं हवी होती, म्हणून मीही भाईंदर स्टेशनवरून बस पकडून गेलो.

जेवणघरात काचेचं कपाट होतं. त्यात निळ्या-पांढऱ्या सात प्लेट्स उभ्या करून ठेवल्या होत्या. आठवी कधीतरी फुटली. मैत्रिणीच्या आजीला सगळे ग्रॅनीच म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांच्या आजोबांनी मुंबईत एका साहेबाच्या घरच्या लिलावात हा सेट घेतला होता. त्यात कधी कोणी जेवलं नाही. नाताळात प्लेट्स बाहेर यायच्या, पुसल्या जायच्या आणि परत आत जायच्या.

मी वर्तमानपत्रात एकेक प्लेट गुंडाळत होतो. ग्रॅनी समोर खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सांभाळून रे बाबा. त्यावर वसई आहे."

मी प्लेटकडे पाहिलं. एक झुकलेलं झाड, वळलेल्या छपरांचं मोठं घर, छोटा पूल, पुलावर तीन माणसं, मागे होडी, वर आकाशात दोन पक्षी. वसई कुठेच नव्हती.

मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मोठं घर म्हणजे वसईचा किल्ला. पुलावर पुढे चाललीय ती बाई, हातात मेणबत्ती. मधल्याच्या हातात पेटी, त्यात चर्चमधलं सामान. शेवटचा हातात चाबूक घेतलेला, तो मराठा शिपाई. होडी गोव्याला चाललीय. "आणि हे दोन पक्षी?" मी विचारलं. "ते मागे राहिले ते," ग्रॅनी म्हणाल्या. "गेले ते पुलावर आहेत. राहिले ते आपण. आपण कुठे चित्रात येतो?"

त्यांच्या आईने त्यांना ही गोष्ट सांगितली होती, आणि त्यांनी नातवंडांना.

मी इतिहासात एम. ए. केलंय. मला गप्प बसवलं नाही. प्लेट उलटी करून मागचा शिक्का दाखवला: मेड इन इंग्लंड. म्हटलं, ग्रॅनी, ही वसई नाही. ही विलायती प्लेट आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. वसई पडली १७३९ साली. चित्र चीनचं आहे, गोष्ट वेगळीच आहे.

ग्रॅनी काही बोलल्या नाहीत. फक्त "हो का" म्हणाल्या आणि आत गेल्या. मैत्रिणीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते.

घरी येताना बसमध्ये फोन काढला आणि माझं म्हणणं बरोबर आहे ना, हे तपासायला लागलो. तिथून हा लेख सुरू झाला.

गोष्ट आधी की प्लेट आधी?

माझी माहिती बरोबर होती. या नक्षीला 'विलो पॅटर्न' म्हणतात. विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. १८९० च्या अमेरिकन कायद्याने आयात मालावर देशाचं नाव छापणं सक्तीचं केलं. त्यानंतर इंग्लिश भांड्यांच्या मागे 'इंग्लंड' येऊ लागलं आणि 'मेड इन इंग्लंड' हे शब्द साधारण विसाव्या शतकातले. म्हणजे ग्रॅनींची प्लेट वसईच्या लढाईच्या दीडशेहून अधिक वर्षांनंतरची.

पण पुढे वाचत गेलो तसा माझा आवाज बसत गेला.

विलो पॅटर्नची 'खरी' गोष्ट अशी सांगतात: एका श्रीमंत चिनी अधिकाऱ्याची मुलगी बापाच्या कारकुनाच्या प्रेमात पडते. बाप तिचं लग्न दुसरीकडे ठरवतो. दोघं दागिन्यांची पेटी घेऊन पुलावरून पळतात, बाप चाबूक घेऊन मागे लागतो. शेवटी दोघं मरतात आणि त्यांची दोन कबुतरं होतात.

ही गोष्ट चीनमधली नाही. नक्षी १७९० च्या सुमारास इंग्लंडमध्येच तयार झाली. चीनमधून येणारी निळी-पांढरी भांडी महाग होती, म्हणून स्टॅफर्डशर परगण्यातल्या कारखानदारांनी त्यांच्यासारखी दिसणारी स्वस्त भांडी काढली. चिनी चित्रांतून इथलं झाड, तिथला पूल असं उचलून एक देखावा जुळवला. प्रेमिकांची गोष्ट छापून आली ती १८४९ साली, 'द फॅमिली फ्रेंड' या इंग्लिश मासिकात. म्हणजे प्लेट आधी, गोष्ट नंतर. लोक पन्नास-साठ वर्षं त्या पुलावरची तीन माणसं बघत जेवले, आणि मग कोणीतरी सांगितलं की ती कोण आहेत.

मासिकवाल्यांनी जे केलं तेच ग्रॅनींच्या आईने केलं होतं. फरक एवढाच की मासिक इंग्लंडमधलं होतं, म्हणून त्याची गोष्ट विश्वकोशात गेली. उत्तनची गोष्ट काचेच्या कपाटातच राहिली.

कागदावरून मातीवर

मुळात प्लेटवर एवढं बारीक चित्र येतं कसं? हाताने रंगवत बसलं तर एका प्लेटला दिवस जाईल. इंग्लिश कारखान्यांनी काढलेली युक्ती म्हणजे छपाई.

तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं. पत्रा गरम करून त्यावर कोबाल्ट आणि तेलाचा दाट रंग चोळायचा, वरचा रंग पुसून घ्यायचा, खाचांमधला तेवढा ठेवायचा. त्यावर पातळ कागद दाबून चित्र कागदावर उतरवायचं. तो ओला कागद एकदा भाजलेल्या, पण झिलई न दिलेल्या भांड्यावर चिकटवून घासायचा. मग कागद पाण्याने धुऊन टाकायचा. रंग मातीत राहतो. पुन्हा भट्टी, त्यावर काचेसारखी झिलई, पुन्हा भट्टी. निळाच रंग का, तर झिलईच्या भट्टीतली उष्णता सोसून टिकणारा भरवशाचा रंग तेव्हा कोबाल्टचाच होता. कागद कापण्याचं आणि चिकटवण्याचं काम बहुतेक बाया आणि मुली करत. जुन्या प्लेटच्या काठावर नीट पाहिलं तर नक्षीचे दोन तुकडे जिथे जुळतात तो सांधा दिसतो. तिथे एका कामगार मुलीचा हात फिरलेला असतो.

स्टोक गावच्या जोसाया स्पोड याने १७८४ च्या सुमारास हे तंत्र बसवलं. त्यानंतर एक नवीन प्रश्न उभा राहिला: छापायचं काय? तांब्यावर कोरायला चित्रं हवीत. कारखानदारांनी सरळ पुस्तकांच्या दुकानांकडे पाहिलं. प्रवासवर्णनं, देशोदेशीच्या इमारतींचे संग्रह, शिकारीची पुस्तकं. त्यातली चित्रं उचला, कोरा, छापा. १८४२ साली इंग्लंडमध्ये नवा कॉपीराइट कायदा येईपर्यंत हे बिनधास्त चाललं.

त्या पुस्तकांत हिंदुस्थान भरपूर होता.

अस्वलाचा शेवट

स्पोडच्या कारखान्याने १८१० च्या आसपास एक मोठा सेट काढला. संग्राहक त्याला 'इंडियन स्पोर्टिंग' म्हणतात. जेवणाच्या प्लेटवर अस्वलाचा मृत्यू, सूपच्या प्लेटवर लांडग्याचा पाठलाग, मोठ्या थाळ्यांवर झाडावरच्या बिबट्याला मारणारे शिकारी. काठावर धावणारे प्राणी. प्रत्येक भांड्याच्या मागे प्रसंगाचं नाव छापलेलं.

ही चित्रं कॅप्टन थॉमस विल्यमसन याच्या 'ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स' या पुस्तकातून आली. विल्यमसन बंगालमध्ये कंपनीच्या फौजेत होता. पुस्तक लंडनमध्ये १८०५ ते १८०७ या काळात निघालं. चित्रकार होता सॅम्युएल हॉविट. तो हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. कॅप्टनच्या कच्च्या रेखाटनांवरून त्याने लंडनमध्ये बसून बंगाल रंगवला. त्यावरून स्टोकच्या कारागिराने तांबं कोरलं. त्यावरून कोणा मुलीने कागद चिकटवला. आणि मग कोणा इंग्लिश कुटुंबाने त्यावर रविवारचं मांस वाढून घेतलं.

मी या प्लेट्सचे फोटो फोनवर मोठे करून पाहिले. शिकारी साहेब ठळक दिसतो. जनावर ठळक दिसतं. मग हाकारे, माहूत, भाले घेतलेली माणसं, कुत्री सांभाळणारे डोरिये. एका भांड्यावर तर डोरियेच मुख्य आहेत, कुत्र्यांना फिरायला नेताना. त्यांच्या जातीचं किंवा कामाचं नाव थेट इंग्लिश भांड्याच्या मागे छापलंय, पण माणसाचं नाव कुणाचंच नाही.

कंपनीच्या राज्याला तेव्हा लढायांनी जागा मिळत होती, पण जेवणाच्या टेबलावर लढाई कोणाला नको असते. शिकार चालते. वाघ मारला म्हणजे देश जिंकल्यासारखं वाटतं आणि भूकही मरत नाही. इतिहासाचा हा सगळ्यात सोयीचा प्रकार: ज्यात हरलेला पक्ष जनावर असतो.

आपलं बेट

आता थोडं घराजवळ येऊ. मिरा-भाईंदर हे साष्टी बेटाचं उत्तर टोक. इंग्लिश कागदपत्रांत 'साल्सेट'. पोर्तुगीजांकडून १७३७ साली साष्टीचा बराचसा भाग मराठ्यांनी घेतला. घोडबंदरचा किल्ला तेव्हाच पडला. मग १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी खाडीपलीकडची वसई घेतली. मी शाळेत शिकलो तो इतिहास इथे संपायचा, विजयावर. पण तहात एक कलम होतं: पोर्तुगीजांना आपलं हलवता येण्यासारखं सामान घेऊन निघून जायची मुभा होती. म्हणजे पेट्या घेऊन, होड्यांत बसून माणसं खरंच गेली. आणि इथलेच मूळ रहिवासी, दोनशे वर्षांत ख्रिस्ती झालेले शेतकरी आणि मच्छीमार, ते राहिले. ग्रॅनींच्या प्लेटवर वसई नव्हती, पण ग्रॅनींच्या गोष्टीत होती. अगदी तपशिलासकट.

पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. राहिलेल्या लोकांना पुढे 'ईस्ट इंडियन' हे नाव मिळालं, तेही राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या १८८७ सालचं. सत्ता बदलली की प्लेटवरचा शिपाई बदलतो, मागे राहणारे पक्षी तेच.

इंग्रजांच्या ताब्यातल्या याच साष्टीत १७९३ साली थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे चित्रकार आले. सात वर्षं देशभर फिरून ते मुंबईला पोचले होते. त्यांनी घारापुरीची आणि कान्हेरीची लेणी काढली. त्यांच्या 'ओरिएंटल सीनरी' या संग्रहात १७९५ ते १८०८ या काळात एकूण १४४ चित्रं छापली गेली. इंग्लिश कुंभारांनी हा संग्रह अक्षरशः लुटला. लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम कारखान्याने अलाहाबादजवळची कबर, मदुराईच्या किल्ल्यातलं दृश्य अशा इमारती प्लेट्सवर आणल्या. काही कारखाने एका चित्रातला घुमट आणि दुसऱ्यातली नदी जोडून तिसरंच गाव तयार करत. कुठेच नसलेल्या त्या गावात इंग्लंडमधली माणसं जेवायची आणि म्हणायची, हा हिंदुस्थान.

मग आपण काय केलं?

मुंबईत याला एक उत्तर तयार झालं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी या शिक्षकाने १८७० च्या दशकात मातीकामाची भट्टी सुरू केली. त्याच सुमाराला, १८७२ पासून, शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जात होते आणि भिंतींवरच्या चित्रांच्या प्रती करत होते. अजिंठ्याच्या त्या आकृत्या शाळेच्या फुलदाण्यांवर आणि थाळ्यांवर उतरल्या. हे काम थेट मूळ भिंत पाहून आलेलं होतं, आणि ते करणारी बरीच मुलं इथलीच होती.

ग्रिफिथ्स यांच्या प्रती लंडनला पाठवल्या गेल्या. तिथे १८८५ साली लागलेल्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. कागद आणि कापड जळतं. भट्टीतून एकदा निघालेल्या मातीला आगीचं काही वाटत नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात बॉम्बे स्कूलची ही भांडी बघायला मिळतात. भायखळा आपल्यापासून लोकलने जाण्याच्या अंतरावर आहे, पण तिथे जाणारे कमीच. मीही पहिल्यांदा गेलो तो ग्रॅनींच्या प्रकरणानंतर.

गोव्यात उलटी तऱ्हा. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या टाइल्सची मोठी चित्रं आहेत, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराची, १९३५ सालची. कामॉइश या कवीच्या महाकाव्यातले प्रसंग, म्हणजे वास्को द गामाच्या सफरीचा गौरव. राज्य जाऊन साठाहून अधिक वर्षं झाली, टाइल्स अजून चकचकीत आहेत. सरकारं बदलतात तेव्हा पुतळे उतरवता येतात, भिंतीत भाजून बसवलेली गोष्ट उतरवणं अवघड असतं.

माझ्या घरची भांडी

हे सगळं वाचताना माझ्या लक्षात आलं की माझ्या आजीच्या घरात चिनी मातीचं एकही ताट नव्हतं. चहाच्या कपबश्या आल्या त्याही उशिरा. पितळ आणि तांबं घासून शुद्ध होतं, माती होत नाही, ही जुनी समजूत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी मिशनऱ्यांच्या घरी चहाला बसली, तर केवढं वादळ झालं! नावं छापून आली, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आणि ज्यांना हॉटेलात वेगळी फुटकी कपबशी बाहेर ठेवलेली असायची, त्यांना तर त्या कपावर काय चित्र आहे हे बघण्याचीही गरज नव्हती. कप कुठे ठेवलाय तेवढंच पुरेसं होतं.

आमच्या घरी सगळं स्टील. माझ्या बाबांनी भाईंदर पूर्वेला भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या मशीनवर बरीच वर्षं काढली. धुळीने छाती भरायला लागली तेव्हा ते काम सोडलं आणि एका दुकानात भांड्यांवर नावं टाकायला बसले. हातात पेनसारखं मशीन, त्याचा तो कर्र आवाज, आणि ताटाच्या काठावर बारीक टिंबांची अक्षरं उमटायची. 'चि. सौ. कां. हिला मामाकडून सप्रेम भेट.' 'बारशानिमित्त.' आणि खाली तारीख. कधी कधी 'कै.'सुद्धा.

मी त्या रात्री स्वयंपाकघरात गेलो आणि मांडणीवरची भांडी उलटी करून वाचत बसलो. १९८७, आई-बाबांचं लग्न. १९९२, ताईचं बारसं. एका डब्यावर आमच्या जुन्या चाळीतल्या शेजारणीचं नाव होतं. तो डबा कधीतरी काही घालून आला आणि परत द्यायचा राहिला. त्या बाई आता नाहीत, त्यांची मुलं कुठे आहेत माहीत नाही. डबा आहे. त्यात आम्ही रवा ठेवतो.

बाबा मागून आले. "काय शोधतोस?"

"इतिहास," मी म्हटलं.

"मग झाकणं पण बघ," ते म्हणाले. "झाकणावर कमी पैसे घ्यायचो, म्हणून लोक झाकणावर जास्त लिहून घ्यायचे."

त्यावर वाघ नाही, किल्ला नाही, महाकाव्य नाही. पण प्रत्येक माणसाला नाव आहे. स्पोडच्या डोरियांना जे मिळालं नाही ते आमच्या रव्याच्या डब्याला मिळालंय. आणि माझ्या बाबांनी अशी हजारो नावं टाकली, स्वतःचं मात्र एकावरही नाही.

परत उत्तनला

दोन आठवड्यांनी मी ग्रॅनींना भेटायला गेलो. त्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या. प्लेट्स खोक्यातच होत्या. आधी माफी मागितली. मग मी वाचलेलं सगळं सांगितलं: ही गोष्ट चिनी नाहीच, इंग्लिश मासिकाने नंतर जोडलेली आहे.

ग्रॅनी हसल्या. "म्हणजे त्यांनीपण घरी बसून बनवली?"

"हो."

"मग माझ्या आईची काय वाईट होती?"

काहीच वाईट नव्हती. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी अजूनही हेच सांगेन की त्या प्लेटवर वसई नाही. ते खोटं बोलता येणार नाही. पण १७३९ नंतर मागे राहिलेल्या लोकांना ती लढाई कशी आठवली, याचे पुरावे किती आहेत? जिंकणाऱ्यांची पत्रं आहेत, हरणाऱ्यांचे तह आहेत. वसईहून आणलेली १७२१ सालची घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही टांगलेली आहे. राहिलेल्यांच्या बाजूने माझ्यासमोर होती ती एक प्लेट आणि ती बोटाने दाखवणारी एक बाई. प्लेट पुरावा नव्हती. पुरावा त्या होत्या, आणि मी त्यांनाच गप्प केलं होतं.

मी फोन काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हटलं, ग्रॅनी, पहिल्यापासून सांगा. त्यांनी खोक्यातून एक प्लेट काढायला लावली, मांडीवर घेतली आणि झाडापासून सुरुवात केली. चार मिनिटं बारा सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. मध्ये एकदा कुकरची शिट्टी येते.

शेवटी त्यांनी विचारलं, "हे तू कुठे लिहून ठेवणार?"

मी म्हटलं, लिहिणार आहे. त्यांनी प्लेट परत कागदात गुंडाळली आणि माझ्याकडे दिली, वरच्या फळीवर ठेवायला. मी ठेवली. या वेळी दोन्ही हातांनी.